पारा चौतीस, तरी गाय धापते

मालवण किनाऱ्यावर उन्हाळा हळूहळू चढत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये एखाद्या आठवड्यात पूर्वेकडून, घाटावरून येणारा कोरडा वारा जोर धरतो. एरवी सकाळी उशिरा सुटणारे खारे वारे दुपारपर्यंत अडून राहतात आणि दोन-तीन दिवसांत पारा पाच-सहा अंशांनी वर जातो. फेब्रुवारी २०२३मध्ये देशाचं सरासरी कमाल तापमान १९०१पासूनच्या कुठल्याही फेब्रुवारीपेक्षा जास्त होतं. २०२५च्या फेब्रुवारीतही, थंडी पुरती सरली नसताना, हवामान खात्याला कोकणासाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा द्यावा लागला. माणसं अशा वेळी पंख्याखाली बसतात. गोठ्यात दाव्याला बांधलेल्या गाईला हलताही येत नाही.

आचरा, मसुरे, पोईप, कट्टा या भागांत आज गोठ्यांचे दोन प्रकार दिसतात. जुना गोठा चिऱ्याच्या भिंतींचा, वर नळे किंवा गवत, भोवती फणस-आंब्याची सावली. नवा गोठा सिमेंटच्या खांबांचा आणि पत्र्याचा. पत्रा स्वस्त पडतो, पावसाळ्यात गळत नाही, दरवर्षी शाकारावा लागत नाही, म्हणून लोकांनी तो घेतला यात नवल नाही. मात्र दुपारी बारानंतर तो तापतो आणि त्याची धग थेट जनावराच्या पाठीवर उतरते. गोठ्याची उंची कमी असेल आणि तिन्ही बाजूंनी भिंती चढवल्या असतील तर आतली हवा कोंडून राहते.

गाईच्या शरीराचं तापमान साधारण साडेअडतीस अंश असतं. ते तिथेच ठेवायची तिची धडपड बाहेरच्या उन्हाशी असते, तशी पोटातल्या उष्णतेशीही असते. तिच्या कोठीपोटात चारा अखंड आंबत असतो. ही चूल रात्रंदिवस पेटलेली असते, आणि भाताच्या पेंढ्यासारखा कोरडा, चिवट चारा पडला की तिची आच वाढते. जास्त दूध देणारी गाय जास्त खाते, म्हणजे जास्त उष्णता तयार करते. म्हणूनच गोठ्यातली सर्वांत दुधाळ गाय सर्वांत आधी कोलमडते.

ही उष्णता बाहेर टाकायला तिच्याकडे मुख्यतः दोन वाटा आहेत, घाम आणि श्वास. दोन्हींत पाण्याची वाफ व्हावी लागते, आणि किनाऱ्यावरची दमट हवा ती होऊ देत नाही. पशुवैज्ञानिक तापमान आणि आर्द्रता एकत्र मोजणारा एक निर्देशांक वापरतात. विदेशी रक्ताच्या दुभत्या गाईला तो ७२च्या पुढे गेला की त्रास सुरू होतो, असं ढोबळमानाने मानतात. नेहमीच्या सूत्राने हिशेब केला तर विदर्भातल्या ४० अंशांच्या, २० टक्के आर्द्रतेच्या दुपारी हा आकडा ८४च्या आत राहतो. मालवणच्या ३४ अंशांच्या, ७० टक्के आर्द्रतेच्या दुपारी तो ८७वर जातो. त्याहून वाईट म्हणजे मे महिन्यातली इथली रात्र. २६ अंश आणि ९० टक्के आर्द्रता धरली तरी आकडा ७७च्या वरच. दिवसभर साठलेली उष्णता जनावर रात्री बाहेर टाकतं, पण इथे तीही सवलत मिळत नाही.

हवामान खातं किनारपट्टीवर उष्णतेची लाट जाहीर करतं ती कमाल तापमान ३७ अंशांवर गेलं आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त असलं तर. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठीच्या १९६५च्या नियमांतही ३७चाच आकडा आहे. पारा त्यावर गेला तर दुपारी बारा ते तीन त्यांना कामाला जुंपता येत नाही. दोन्ही गोष्टी योग्यच आहेत. मात्र चौतीस अंशांच्या दमट दुपारी कुठलाही इशारा नसतो आणि गाय धापत असते. म्हणून किनाऱ्यावरच्या शेतकऱ्याने आकड्यापेक्षा गाईच्या कुशीकडे पाहावं.

हे पाहायला फक्त घड्याळ लागतं. जनावराच्या बाजूला उभं राहून कूस मिनिटाला किती वेळा वरखाली होते ते मोजायचं. सावलीत, निवांत असताना हा आकडा वीस-तीसच्या आसपास असतो. साठच्या पुढे गेला की गाय त्रासात आहे. मान पुढे ताणलेली, तोंड उघडं, जीभ बाहेर, लाळेची तार लोंबतेय अशी दिसली तर वेळ थोडा उरला आहे. एक खूण मात्र सहज निसटते. गाय बसत नाही. अंगाला चारी बाजूंनी हवा लागावी म्हणून ती तासन्‌तास उभी राहते, रवंथ कमी होतो, गव्हाणीतला चारा तसाच पडून राहतो. दूध लगेच आटत नाही, एक-दोन दिवसांनी घटतं. डेअरीवर फॅट लागत नाही तेव्हा शेतकरी पेंडीला दोष देतो, आणि खरं कारण दोन दिवसांपूर्वीच्या दुपारचं असतं.

अचानकपणा इथे फार महत्त्वाचा. उष्णतेशी जुळवून घ्यायला जनावराला दोन-तीन आठवडे लागतात. जून २०२२मध्ये अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात मोठ्या गोठ्यांमधली किमान दोन हजार जनावरं काही दिवसांत मेली. पारा एकाएकी चढला, आर्द्रता वाढली, वारा पडला आणि रात्री गारवा आला नाही. यातलं काहीच कोकणाला परकं नाही.

कोकणातल्या देशी गाईला मात्र हे हवामान अंगवळणी पडलेलं आहे. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने ‘कोकण कपिला’ ही स्वतंत्र जात म्हणून नोंदवली आहे. लहान चण, आखूड तुळतुळीत केस, सैल कातडी, बेताचा आहार. दूध कमी, म्हणून पोटातली उष्णताही कमी. जर्सी संकर पाळू नये असं कुणी म्हणणार नाही, घर त्या दुधावर चालतं. पण संकरित गाय आणण्याआधी तिच्या छपराचा विचार व्हायला हवा, आणि तो होत नाही ही खेदाची गोष्ट आहे. म्हशीची तऱ्हा आणखी वेगळी. काळी कातडी, घामाच्या ग्रंथी विरळ, त्यामुळे तिला व्हाळात किंवा कोंडीत डुंबणं ही गरजच असते. व्हाळ आटला की निदान दिवसातून दोन-तीनदा अंगावर पाणी हवं.

उपाय करताना घाटावरची नक्कल इथे चालत नाही. ओली गोणपाटं लावायची किंवा बारीक फवारे सोडायचे, हे कोरड्या हवेत उत्तम. बंद गोठ्यात, दमट हवेत त्याने कोंदटपणाच वाढतो. इथे अंग नीट भिजेल असं पाणी ओतायचं आणि मग पंखा किंवा मोकळा वारा लागू द्यायचा, म्हणजे पाणी कातडीवरून वाळताना उष्णता घेऊन जातं. पत्र्यावर झावळ्यांचा जाड थर किंवा पांढरा चुना, पश्चिमेची भिंत अर्धी उघडी, आणि पिण्याचं पाणी सावलीत. काळ्या टाकीतलं तापलेलं पाणी गाय मनापासून पीत नाही. खाडीकाठच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, तेव्हाही तेच होतं. दुभत्या संकरित गाईला अशा दिवसांत ऐंशी-शंभर लिटर पाणी लागू शकतं. पेंढा संध्याकाळनंतर टाकावा, दिवसा हिरवा चारा द्यावा.

गाय झोकांड्या द्यायला लागली तर डॉक्टरांची वाट पाहत थांबू नये. सावलीत घेऊन डोक्यावर, मानेवर, पायांवर गार पाणी ओतत राहावं आणि १९६२ या पशुवैद्यकीय सेवेच्या क्रमांकावर फोन करावा. धापणाऱ्या जनावराच्या तोंडात पाणी ओतणं टाळावं, ते फुप्फुसात जातं.

उन्हाळा सरल्यावरही एक हिशेब बाकी राहतो. उष्णतेत माज दबतो, म्हशीत तर मुका माज नेहमीचाच, आणि भरवलेलं जनावर उलटतं. शेवटच्या महिन्यांतल्या गाभण गाईला ताप सोसावा लागला तर वासरू हलकं जन्मतं आणि पुढच्या वेताचं दूधही घटतं. म्हणून मे महिन्यात आटवलेल्या गाईला, सध्या दूध देत नाही म्हणून उन्हात बांधू नये; गोठ्यातली सावलीची जागा तिलाही मिळायला हवी.