खुब्याच्या हाडाची उपासमार

४ ते ८ वर्षांचे मूल, बहुधा मुलगा, लंगडू लागते आणि दुखते कोठे म्हणून विचारले तर गुडघ्यावर हात ठेवते. गुडघ्याचे क्ष-किरण चित्र निर्दोष येते. कारण रोग वर, खुब्यात असतो. १९१० साली अमेरिकेत लेग, फ्रान्समध्ये काल्व्हे आणि जर्मनीत पेर्थेस यांनी त्याचे स्वतंत्रपणे वर्णन केले. तोवर अशी पुष्कळ मुले खुब्याच्या क्षयाची रोगी ठरत.

मांडीच्या हाडाच्या गोल माथ्याला रक्त मिळते ते मुख्यतः हाडाच्या मानेला बिलगून वर जाणाऱ्या बारीक वाहिन्यांतून. हाडाच्या आतून येणारा प्रवाह वाढीच्या कूर्चेपाशी अडतो. त्यामुळे या वयात दुसरी वाट जवळजवळ उरत नाही. पुरवठा तुटला की माथ्याचे हाड मरते, आणि नवे घडेपर्यंतच्या २ ते ४ वर्षांत भार पडून माथा चपटा होऊ शकतो.

पुरवठा तुटतो कशाने? पेर्थेसच्या रोगात याचे निश्चित उत्तर अद्याप नाही. घरोघरी एखाद्या पडण्यावर, किंवा त्याहून अन्यायाने आईच्या दुर्लक्षावर, ठपका ठेवला जातो. त्याला आधार नाही. घरातील तंबाखूच्या धुराशी संबंध आढळला आहे, पण कारण म्हणून तो सिद्ध नाही. काही मुलांत मात्र कारण सापडते: मांडीच्या हाडाच्या मानेचा अस्थिभंग, स्टेरॉइडचा दीर्घ वापर, अथवा विदर्भात व नंदुरबारकडे आढळणारा सिकलसेल, ज्यात विळ्यासारख्या वाकलेल्या रक्तपेशी वाहिन्या तुंबवतात. म्हणूनच पेर्थेसचे नाव देण्यापूर्वी रक्त तपासतात. प्रारंभी खुब्याचे चित्रही स्वच्छ दिसू शकते. लंगडणे टिकले तर काही आठवड्यांनी ते पुन्हा काढतात किंवा एमआरआय करतात.