पुण्यात वाढलेला ब्योमकेशचा संसार

भर रस्त्यात एक माणूस चालता चालता कोसळतो. गोळीचा आवाज नाही, सुरा नाही, जवळपास मारेकरीही नाही. आणि त्याच्या हृदयात सापडते काय, तर ग्रामोफोनची पिन! एकामागून एक माणसं अशीच मरतात, तीही गजबजलेल्या कोलकात्यात, दिवसाढवळ्या. ती पिन येते कुठून? ते मी फोडणार नाही. पण १९३२ साली ही कथा लिहिणाऱ्या माणसाची गोष्ट जरूर सांगेन, कारण तीही तितकीच अचाट आहे.

शरदिंदु बंद्योपाध्याय. जन्म १८९९चा, जौनपूरला, आजोळी. घर बिहारमधल्या मुंगेरचं आणि वडील वकील. १९१८ साली पारुलशी लग्न झालं, पुढे पाटण्याला कायद्याचं शिक्षण झालं. वाट तर आखलेलीच होती! पण १९२९ मध्ये त्यांनी वकिली सोडली आणि लेखणीवर भरवसा टाकला. तीन वर्षांत त्यांचा डिटेक्टिव्ह ब्योमकेश बक्षी जन्मला: गणिताच्या मास्तरांचा मुलगा, कोवळ्या वयात आईबापाला पारखा झालेला, धोतर नेसणारा.

शेरलॉक होम्स काय नि पॉयरो काय, दोघेही शेवटपर्यंत एकटे. ब्योमकेश मात्र प्रेमात पडला! ‘अर्थमनर्थम्’ या कथेत सत्यवतीच्या भावावर खुनाचा आळ येतो. ब्योमकेश खरा खुनी हुडकतो आणि सत्यवतीशी त्याची गाठ पडते ती कायमची. आता पंचाईत अशी, की बायको आलेल्या डिटेक्टिव्हमध्ये वाचकांना रस राहील का? शरदिंदूंना वाटलं, नाही राहणार. १९३६ नंतर त्यांनी ब्योमकेशला चक्क रजा दिली. तेव्हा कथा झाल्या होत्या जेमतेम दहा.

रेल्वेने जशी कितीतरी बंगाली कुटुंबं आपल्या नागपुरात आणली, तसं शरदिंदूंना सिनेमाने मुंबईत आणलं. १९३८ साली हिमांशु राय यांनी त्यांना बॉम्बे टॉकीजमध्ये बोलावलं. मग वर्षानुवर्षं पटकथा, संवाद, स्टुडिओ. ब्योमकेश कुठेच नाही.

त्याला परत आणलं कोणी? प्रकाशकाने नाही, मुलांनी! कोलकात्यात लेखक परिमल गोस्वामींच्या घरची मुलं तक्रार करू लागली, ब्योमकेश का लिहीत नाही? पंधरा वर्षांचं मौन सुटलं. १९५१ मध्ये ‘चित्रचोर’ लिहून झाली. पुढच्याच वर्षी शरदिंदूंनी सिनेमाला रामराम ठोकला आणि ते पुण्यात स्थायिक झाले.

आता हिशेब पाहा. ब्योमकेशच्या एकूण कथा ३३, त्यातली शेवटची अपुरी. त्यांपैकी तब्बल २३ पुनरागमनानंतरच्या, म्हणजे बहुतेक पुण्याच्या काळातल्या! ‘आदिम रिपु’ उघडा: १९४६च्या दंगलींनी हादरलेलं कोलकाता, पाठोपाठ येणारं स्वातंत्र्य. बंगाली माणसाचा सर्वांत लाडका शोधक कोलकात्याच्या गल्ल्यांतून हिंडत होता, आणि त्याला हिंडवणारा हात होता मुळा-मुठेच्या काठी.

बहुतेक डिटेक्टिव्हांचं वय गोठलेलं असतं. ब्योमकेशचं तसं नाही. तो बाप होतो, चाळिशी ओलांडतो, जमीन घेऊन घर बांधतो. त्याच्या कथा सांगणारा मित्र अजित प्रकाशनाच्या धंद्यात असा गुंततो, की शेवटच्या कथा त्याच्याशिवायच सांगाव्या लागतात! खून, विष, चोरी चालूच. पण खरी उत्सुकता लागते ती त्या घराची. ज्या संसारापायी ब्योमकेशला रजा मिळाली, त्यानेच त्याला हाडामांसाचं केलं.

महाराष्ट्रही या लेखणीत झिरपला. ‘शैलरहस्य’मध्ये ब्योमकेश थेट महाबळेश्वरच्या हॉटेलात उतरतो, तिथून अजितला पत्र लिहितो आणि त्याची गाठ पडते भुताशी! शिवाय बंगाली मुलांसाठी शरदिंदूंनी सदाशिव नावाचा पोरगा घडवला, शिवाजी महाराजांच्या फौजेत दाखल होणारा. शिवकाळाचं वेड बंगालच्या पोरांना लावणारा गृहस्थ तोच, ग्रामोफोनच्या पिनेने माणसं मारणारा!

१९७० मध्ये शरदिंदु गेले. १९९३ मध्ये दूरदर्शनवर रजित कपूरचा ब्योमकेश आला आणि घराघरांत पोचला. त्यातली सत्यवती कोण होती, आठवतंय? आपली सुकन्या कुलकर्णी.

या कथा हाती लागल्या, तर १९३२ पासून क्रमाने वाचा. सुटी कथा रहस्य उलगडून संपते. ओळीने वाचल्या, तर एक अख्खं आयुष्य डोळ्यांसमोर वाढताना दिसतं.