पाणी ओसरलं, तरी लोकल का सुटत नाही?

एव्हरशाईन सिटीत राहणाऱ्यांना हा प्रश्न पावसाळ्यात हमखास पडतो. १० जुलै २०१८ ला नालासोपाऱ्यात रूळ बुडाले, वसई रोड ते विरार लोकल बंद पडल्या. अडकलेल्या वडोदरा एक्स्प्रेसच्या प्रवाशांना एनडीआरएफने बाहेर काढलं.

लोकलच्या ट्रॅक्शन मोटर डब्याखाली, चाकांजवळ असतात. आत पाणी शिरलं तर मोटर निकामी होऊ शकते, म्हणून गाड्या थांबवतात. पण खरं काम पाणी उतरल्यावर सुरू होतं. रुळाखालची खडी वाहून गेली का, हे चालत जाऊन बघावं लागतं. खडी नसेल तर गाडीच्या वजनाने रूळ खचतो. ट्रॅक सर्किटची वीज पाण्यातून गळते, मग रिकामा रूळही 'भरलेला' दिसतो आणि सिग्नल लालच राहतो. पॉइंट मशीनही तपासावी लागतात. एवढं झाल्यावर पहिली गाडी सोडतात, तीही हळू.

आता संशोधनाचा प्रश्न: सेवा 'पूर्ववत' कधी झाली म्हणायचं? पहिली लोकल सुटली तेव्हा, की वेळापत्रक जागेवर आलं तेव्हा? व्याख्या बदलली की तुमचं उत्तर बदलतं. त्यामुळे डेटा गोळा करण्याआधी व्याख्या लिहून ठेवा.

आणि रूळ होते तसेच बसवले, तर पुढच्या वर्षी पुन्हा तेच. पूर्वेचं पाणी खाडीकडे जाताना रेल्वेच्या भरावाला अडतं. म्हणून नंतर या पट्ट्यात मायक्रोटनेलिंगने रुळांखालून मोठे पाइप टाकले गेले. दुरुस्ती आणि सुधारणा यांतला फरक तो हाच.