आदिलशाही, शहाजीराजे आणि बंगळूर

बंगळूरच्या मराठी मंडळींनो, आपल्या शहराच्या इतिहासात विजापूर किती खोलवर आहे, ठाऊक आहे?

1347 मध्ये हसन गंगू बहमनीने दिल्लीच्या तुघलकांपासून फुटून दख्खनचं स्वतंत्र राज्य उभारलं. गुलबर्गा, मग बीदर ही राजधानी. पुढे दरबारातल्या दख्खनी आणि परदेशी सरदारांच्या भांडणांत ते खिळखिळं झालं आणि त्याच्या पाच शाह्या झाल्या. त्यातलीच विजापूरची आदिलशाही. सुलतान मुसलमान, पण राज्याचा गाडा हाकणारे देशमुख, कुलकर्णी आणि मराठा सरदार. पहिल्या इब्राहिम आदिलशहाने तर महसुली हिशेबातून फारसी काढून देशी भाषा आणल्या!

1565 च्या तालिकोटच्या लढाईनंतर विजयनगर खचलं आणि आदिलशाहीला दक्षिण मोकळी झाली. 1638 मध्ये विजापूरचे सरदार रणदुल्लाखान आणि शहाजीराजे यांनी तिसऱ्या केंपेगौडांकडून बंगळूर घेतलं. ते शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळालं. जयराम पिंड्येंचं ‘राधामाधवविलासचंपू’ हे काव्य त्यांच्याच दरबारातलं.

1687 मध्ये मोगलांनी बंगळूर घेतलं आणि तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांना देऊन टाकलं.

मराठा जहागिरीच्या काळाची खूण आजही पाहता येते. मल्लेश्वरममधल्या काडू मल्लेश्वर देवळाजवळ 1669 चा कन्नड शिलालेख आहे. शहाजीपुत्र एकोजीराजांनी देवाला मेदरनिंगनहळ्ळी गाव दिल्याची त्यात नोंद आहे. मराठा राजा, विजापूरची जहागीर, कन्नड लेख! मुलांना घेऊन नक्की जा. तुमच्या भागात अशा काही खुणा असतील तर खाली लिहा.