भाऊ एका जातीचा, बहीण दुसऱ्या जातीची!

एकाच कुत्रीच्या एकाच वेतातली दोन पिल्ले. आई तीच, बाप तोच. भावाच्या अंगावर राठ, तांबूस केस आणि तोंडाला म्हाताऱ्यासारख्या दाढीमिशा. बहिणीचे अंग मात्र आखूड केसांचे, तुळतुळीत. दाढी नाही की मिशी नाही. बेल्जियममध्ये ही भावंडे नोंदवहीत दोन निरनिराळ्या जातींची म्हणून लिहिली जातात. हीच पिल्ले अमेरिकेत जन्मली असती तर दोघांची जात एकच ठरली असती. आहे की नाही गंमत?

ही कुत्री म्हणजे ब्रसेल्स शहराच्या परिसरातले ग्रिफॉन. वजन साडेतीन ते सहा किलो, चेहरा चपटा, डोळे टपोरे. यांचे पूर्वज राठ केसांचे छोटे कुत्रे होते. एकोणिसाव्या शतकात त्यांचा संकर किंग चार्ल्स स्पॅनिएल आणि पग या जातींशी करण्यात आला. आखूड केसांचा वारसा आला तो पगकडून. १८८३ साली टॉप्सी आणि फॉक्सिन ही पहिली दोन कुत्री बेल्जियमच्या वंशनोंदवहीत दाखल झाली. पुढे राणी मारी हेन्रिएट हिलाही या कुत्र्यांचा लळा लागला, आणि मग काय, ग्रिफॉन बाळगणे ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली.

श्वानसंघांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या यादीत यांच्या तीन जाती आहेत. राठ तांबड्या केसांचा तो ब्रसेल्स ग्रिफॉन, क्रमांक ८०. राठच केसांचा पण काळा किंवा काळा-तांबडा तो बेल्जियन ग्रिफॉन, क्रमांक ८१. आखूड केसांचा तो पेटिट ब्राबान्सों, क्रमांक ८२. या तिघांचा आपसांत संकर चालतो आणि पिल्लाची नोंद त्याच्या रूपावरून होते. अमेरिकन केनेल क्लब मात्र या सर्वांना एकच जात मानतो आणि केसांचे दोन प्रकार सांगून मोकळा होतो.

आता या केसांमागचे शास्त्र पाहू. कुत्र्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या ३९ जोड्या असतात. त्यांतल्या तेराव्या गुणसूत्रावर ‘आरस्पो-२’ नावाचे जनुक आहे. २००९ साली अमेरिकेतील एलेन ऑस्ट्रँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजाराहून अधिक कुत्र्यांची जनुके तपासून दाखवले की, या जनुकात १६७ अक्षरांचा एक जास्तीचा तुकडा असला म्हणजे कुत्र्याला दाढीमिशा आणि जाड भुवया येतात. केस आखूड असतील तर ते राठही होतात. प्रत्येक पिल्लाला या जनुकाची एक प्रत आईकडून मिळते आणि एक बापाकडून. तुकडा असलेल्या प्रतीला आपण ‘रा’ म्हणू आणि नसलेल्या प्रतीला ‘आ’. दोहोंपैकी एक जरी ‘रा’ असली तरी केस राठ होतात, म्हणजे ‘रा’ प्रभावी आहे. आखूड, तुळतुळीत केसांसाठी मात्र दोन्ही प्रती ‘आ’ असाव्या लागतात.

आता समजा, आई राठ केसांची आणि बापही राठ केसांचा, पण दोघेही ‘राआ’ आहेत. मग पिल्ले ‘रारा’, ‘राआ’, ‘आरा’ आणि ‘आआ’ अशा चार सारख्या शक्यतांची. चारांत तीन राठ, एक तुळतुळीत. मेंडेलने वाटाण्यांवर काढलेले ३:१ हे प्रमाण ते हेच. म्हणजे ब्राबान्सों जन्माला यायला आईबापांपैकी कोणीही ब्राबान्सों असण्याची गरज नाही!

पण इथे एक सावधगिरी. मेंडेलकडे हजारो वाटाणे होते. ग्रिफॉनच्या वेतात पिल्ले मोजकीच. चार पिल्ले झाली तर चारही राठ निघण्याची संभाव्यता ३/४ चा चौथा घात, म्हणजे ८१/२५६, सुमारे ३२ टक्के. म्हणून एका वेतावरून ‘आमच्या कुत्रीत आखूड केसांचा अंश नाही’ अशी खात्री देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. वंशावळीच्या कागदावर पूर्वजांची नावे असतात; झाकलेली जनुके त्यावर दिसत नाहीत.

तुम्ही म्हणाल, केसांसाठी एवढा खटाटोप कशाला? नोंदवहीत किती जाती लिहायच्या हा श्वानसंघांच्या हौसेचा प्रश्न वाटेल; पण कोणाचा कोणाशी संकर होऊ द्यायचा हे त्याच नोंदवहीचे नियम ठरवतात आणि त्याचा परिणाम पिल्लांच्या प्रकृतीवर होतो. बंद नोंदवही म्हणजे दारे लावलेली खोली. आतल्यांचे संबंध आतल्यांशीच होतात. दर पिढीला जनुकांची थोडी थोडी विविधता कायमची नाहीशी होते. हा तोटा ढोबळमानाने १ भागिले २न इतका असतो. यातला ‘न’ म्हणजे पैदाशीतल्या प्राण्यांची परिणामकारक संख्या. डोकी मोजून ती मिळत नाही. समजा १०० माद्या आहेत, पण प्रदर्शनात बक्षिसे मिळवलेले ५ नरच सर्वांना वापरले जातात. डोकी १०५, मग ‘न’ किती? नरांची चौपट २०, माद्यांची चौपट ४००. आता २० ओहम आणि ४०० ओहमचे रोध समांतर जोडल्यावर जे उत्तर येते तेच इथले उत्तर: सुमारे १९! (भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला हे सूत्र पाहून जुना मित्र भेटल्यासारखे वाटते.) समांतर जोडणीत लहान रोध सगळ्यांवर हुकमत गाजवतो, तसे इथे पाच नर गाजवतात. दर पिढीला तोटा १/३८, म्हणजे अडीच टक्क्यांहून थोडा अधिक.

अशा तीन खोल्या असतील आणि त्यांच्यामधली दारे उघडली, तर ‘न’ १९ चा ५७ होतो आणि तोटा १/११४ वर, म्हणजे एका टक्क्याच्याही खाली येतो. म्हणून तिन्ही ग्रिफॉनांचा आपसांत संकर होऊ देऊन पिल्लाची नोंद रूपावरून करणे मला शहाणपणाचे वाटते.

तरीही एक अडचण उरते. जो दोष तिन्ही खोल्यांत आधीपासूनच आहे, तो दारे उघडून जाणार कसा? ग्रिफॉनमध्ये असा एक दोष आढळतो. कवटीचा मागचा भाग मेंदूला अपुरा पडतो, मेंदूभोवतीच्या द्रवाचा प्रवाह अडतो आणि मज्जारज्जूत द्रवाच्या पोकळ्या तयार होतात. कुत्र्याला त्याच्या अतिशय वेदना होतात. हाच विकार कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनिएल या जातीतही फार आहे. २०२३ साली नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या जातीची पैदास प्राणिकल्याणाच्या कायद्याविरुद्ध ठरवली, त्याच्या कारणांत हा विकारही होता.

यावर उपाय बाहेरचे रक्त. ग्रिफॉन आणि ऑस्ट्रेलियन टेरियर यांचा संकर करून, त्या पिल्लांचा पुन्हा ग्रिफॉनशी संबंध आणलेल्या काही पिढ्यांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. कवटीतला दोष कमी ठेवून ग्रिफॉनचा चेहरा राखता येईल, अशी शक्यता त्यातून दिसली. दर वेळी ग्रिफॉनशी संबंध आणला की बाहेरचा अंश निम्मा होतो: १/२, १/४, १/८, १/१६. अशा पिल्लाला कितव्या पिढीत ‘शुद्ध’ म्हणायचे हे निसर्ग सांगत नाही. तो आकडा नोंदवही ठेवणारी माणसे ठरवतात.

आता एक उदाहरण तुमच्यासाठी. राठ केसांच्या एका ग्रिफॉनचा ब्राबान्सों मादीशी संबंध आला आणि सहाही पिल्ले राठ केसांची झाली. तो नर ‘राआ’ असता, तर असे घडण्याची संभाव्यता किती होती? आणि सातवे पिल्लू तुळतुळीत निघाले, तर त्या नराबद्दल काय म्हणता येईल? वहीत सोडवून पाहा. पहिल्याचे उत्तर १/६४ येते. दुसऱ्याला तर गणिताचीही गरज नाही.