काठी पाडणारे रेडे

शर्यत म्हटली की रेघ आली. ती आधी ओलांडेल तो जिंकला. इंडोनेशियातल्या सुंबावा बेटावर रेड्यांची शर्यत होते, तिच्यात मात्र रेघच नसते. पाणी भरलेल्या भातखाचराच्या एका टोकाला जोडी सोडतात, दुसऱ्या टोकाला चिखलात एक काठी रोवलेली असते. तिचं नाव साका. ती पाडायची. जोडी कितीही उधळत आली आणि काठीच्या हातभर बाजूने निघून गेली, की सगळी धाव फुकट.

या शर्यतीला ‘बारापान केबो’ म्हणतात. दोन रेड्यांच्या मानेवर ‘नोगा’ म्हणजे जू, त्याला मागे जोडलेला ‘कारेंग’ नावाचा लाकडी सांगाडा आणि त्या सांगाड्यावर अनवाणी, तोल सावरत उभा असलेला हाकणारा. चिखलाचे फवारे डोक्याच्याही वर उडतात. त्यातून दोन धिप्पाड जनावरांना एका बारीकशा काठीवर नेमकं आणायचं, हेच मुळात महाकठीण काम.

पण गंमत पुढेच आहे. काठीजवळ एक माणूस उभा असतो, सांद्रो. वैदूपण आणि मांत्रिकपण दोन्ही त्याच्या अंगात. मंत्राच्या जोरावर रेड्यांना काठीपासून भरकटवायचं, ही त्याची कामगिरी. मग रेड्यांचा मालक तरी गप्प कसा बसेल? त्याचाही सांद्रो असतो, उलट मंत्र घालणारा. म्हणजे वर दिसणाऱ्या शर्यतीच्या आत आणखी एक शर्यत चाललेली, आणि प्रेक्षकांचं लक्ष दोन्हींकडे. जोडी ऐन वेळी वळली तर चिखलाला दोष द्यायचा की सांद्रोला, हे ज्याचं त्याने ठरवावं. मला तर वाटतं, हा वाद घालण्यातच निम्मी मजा असणार.

आणि हे सगळं कधी, तर लावणीच्या आधी. बेट तसं कोरडं. पाऊस येतो तो साधारण नोव्हेंबरपासून, आपल्याकडे दिवाळी उरकल्यावर. खाचरात पाणी साचलं की शर्यती सुरू होतात. रेड्यांच्या खुरांनी माती तुडवून तुडवून मऊ होते, तण गाडलं जातं. गाव जमून आरडाओरडा करत असतं आणि तेवढ्यात शेताची चिखलणी होऊन जाते! खेळ कुठे संपला आणि काम कुठे सुरू झालं, सांगता येत नाही.

या शर्यती भरवणारे लोक स्वतःला ‘ताऊ समावा’ म्हणवतात. त्यांची वस्ती बेटाच्या पश्चिम भागात. पूर्वेकडे बिमा आणि डोंपूचे लोक राहतात. बिमाची भाषा यांच्या भाषेपासून बरीच दूरची, उलट समुद्रापलीकडच्या लोंबोक बेटावरची सासाक जवळची. (सुंबा हे बेट वेगळं, दक्षिणेला आहे. नावांमुळे भलेभले गोंधळतात.) सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात समुद्रापलीकडच्या मकास्सरच्या गोवा राज्याचा (हा आपला गोवा नव्हे) इथे जम बसला, त्यासोबत इस्लाम रुजला आणि सुलतानी आली. इथली जुनी ‘सातेरा जोंताल’ लिपीही मकास्सरकडच्या लोंतारा लिपीतूनच घडलेली; म्हणजे मागे मागे गेलं तर ब्राह्मीच्या घराण्यातली.

मग आला एप्रिल १८१५. याच बेटावरचा तांबोरा ज्वालामुखी फुटला. सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या डोंगराचा माथाच उडाला. आज तो तीन हजारही भरत नाही, आणि वर सहा किलोमीटर रुंदीचं विवर आहे. दूर जावा बेटावर तो आवाज तोफांचा वाटला आणि चक्क सैन्य हलवण्यात आलं. डोंगराच्या पायथ्याची तांबोरा आणि पेकात ही दोन राज्यं माणसांसकट संपली, तांबोराची भाषाही त्यांच्याबरोबर गेली. पश्चिमेकडे शेतांवर राख बसली, पिकं गेली, आणि उपासमारीने स्फोटाहून जास्त माणसं मारली. याच स्फोटामुळे युरोप-अमेरिकेत १८१६ साली उन्हाळाच आला नाही, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. ज्यांच्या अंगणात तो स्फोट झाला त्यांचं नाव सहसा कुणी घेत नाही.

सुंबावा बेसार शहरातला ‘दालाम लोका’ राजवाडा पाहताना हे ध्यानात ठेवावं. राखेनंतर सत्तर वर्षांनी, १८८५ मध्ये, सुलतान मुहम्मद जलालुद्दीन यांनी तो बांधवला. सगळा लाकडी, खांबांवर उचललेला. खांब नव्याण्णव, कारण अल्लाची नावं नव्याण्णव. तिकडे खाचरात सांद्रोचे मंत्र आणि इकडे हे नव्याण्णव खांब, आणि या दोहोंत समावा लोकांना काही विसंगत वाटत नाही. लग्नाआधी नवरा-नवरीच्या अंगाला ‘ओदाक’ नावाचा लेप लावतात, नखं मेंदीने रंगवतात. आपल्या हळदीत वाढलेल्या माणसाला तिथे फारसं परकं वाटू नये.

पण समावा माणूस ओळखायचा तो ‘लावास’वरून. तीन ओळींची कविता, प्रत्येक ओळीत साधारण आठ अक्षरावयव, आणि बहुतेक वेळा तोंडीच चालत आलेली. प्रेमाची लावास, उपदेशाची लावास, टोमण्याची लावास. साका पाडणारा हाकणारा छाती काढून मिरवतो आणि प्रतिस्पर्ध्यांना डिवचतो तेही लावास म्हणूनच. त्या मिरवण्याला ‘न्गुमांग’ म्हणतात. लग्नसमारंभात ‘साकेचो’ रंगतो: दोन पुरुष, दोघांच्या हाती डफासारखी रबाना, आणि लावासमागून लावास गुंफत सांगितलेली कथा. तिच्यात धर्माची शिकवण असते, तशी चेष्टामस्करीही, आणि ती दोन्ही त्याच तीन ओळींत बसवायची असते.