आकाशातील दोन तास

कालिदासाने रघुवंशाच्या तेराव्या सर्गात श्रीरामचंद्रांस सीतादेवींसह पुष्पक विमानातून लंकेहून अयोध्येकडे आणिले आहे. ते विमान स्वामीच्या इच्छेने चाले. त्यास वेळापत्रक नव्हते व विमानतळही नव्हता. हल्लीच्या विमानास ही दोन्ही बंधने आहेत, आणि त्यांचा विसर पडल्यामुळे सुशिक्षित घरांतही प्रवासाचा हिशेब चुकतो.

दोन विमानतळांमधील अंतर मोजावयाचे ते पृथ्वीच्या गोलावरून. गोलावर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरिला असता जी रेषा पडेल, तोच सर्वांत जवळचा मार्ग. ह्या रीतीने छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळापासून मुंबई सुमारे २८० किलोमीटर भरते. आगगाडीस मात्र घाट व वळणे घेत सुमारे पावणेचारशे किलोमीटर जावे लागते. विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर धरिल्यास त्रैराशिकाने एकवीस मिनिटे येतात. प्रत्यक्षात सुमारे एक तास लागतो; कारण धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, मुंबईस उतरण्याची पाळी येईपर्यंत थांबणे व खाली येणे ह्यांत बराच काळ जातो. दिल्ली तेथून सुमारे ९८० किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या साडेतीनपट दूर. तरी वेळ सुमारे दोन तास, म्हणजे केवळ दुप्पट! तात्पर्य, उड्डाण जितके लांब, तितका विमानाचा लाभ अधिक.

आता आमच्या बीडकरांची गोष्ट. बीड शहरास नित्य विमानसेवा असलेला जवळचा तळ चिकलठाण्याचाच, आणि तो सडकेने सुमारे सव्वाशे किलोमीटर दूर.

काही वर्षांपूर्वी आमच्या थोरल्या वहिनी अखेरच्या दुखण्यात होत्या. दिल्लीस असलेल्या त्यांच्या चिरंजिवाने दूरध्वनीवरून कळविले, "निघतोच आहे, दोन तासांचे तर विमान!" आम्ही तेच शब्द वहिनींच्या कानी घातले. दोन तास लोटताच त्यांनी दाराकडे दृष्टी लाविली व प्रत्येक पावलागणिक "आला का?" असे त्या विचारू लागल्या. घरून विमानतळास एक तास, उड्डाणापूर्वी दोन, आकाशात दोन, उतरून सामान घेण्यास अर्धा व पुढे सडकेने तीन, असे एकूण साडेआठ तास होतात, हे आम्हां शिकल्यासवरल्यांपैकी एकासही सुचले नाही. मुलगा आला, तेव्हा वहिनींची शुद्ध हरपली होती. त्याचा हात त्यांच्या हाती दिला. तो त्यांस कळला की नाही, हे ईश्वर जाणे.

विमानाने अंतर खरोखर जिंकिले आहे, त्यास दोष नाही. परंतु घरी वाट पाहणाऱ्या वृद्धांस उड्डाणाचा काळ सांगू नये. उंबरठ्यावर पाऊल पडण्याची वेळ सांगावी, आणि तीही थोडी हातची राखून सांगावी. प्रवासी लवकर आला तर आनंदच होतो. उशिराचा प्रत्येक क्षण मात्र वाट पाहणाऱ्यास मोजावा लागतो.